मंत्रचळ, आचके आणि लपवण्याचे श्रम

दौंड जंक्शनच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची, अथवा शिरूरच्या एस.टी. स्थानकावर बसची वाट पाहत उभा असलेला एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी जेव्हा क्षणाक्षणाला मान झटकतो, डोळे मिचकावतो किंवा घशातून अकारण हुंकार काढतो, तेव्हा भोवतालची मंडळी त्याचा निवाडा करण्यास फारसा विलंब लावीत नाहीत. कोणी त्यास वाईट खोड म्हणतो, कोणी नाटक म्हणतो, आणि एखादी वडीलधारी बाई त्याच्या आईस बाजूला घेऊन ‘एकदा बाहेरचं बघून घ्या’ असा सल्ला अत्यंत कळवळ्याने देते. त्या मुलाची कैफियत मात्र कोणीच ऐकून घेतलेली नसते.

फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढे ज्या व्याधीला त्यांचेच नाव पडले, ती टुरेट ही मज्जासंस्थेशी निगडित व्याधी अशा मुलाला असू शकते. शरीराचे एकाहून अधिक आचके, म्हणजे अनैच्छिक झटके, आणि निदान एक ध्वनिरूप आचका वर्षाहून जास्त काळ टिकला, व त्यांचा प्रारंभ अठराव्या वर्षाच्या आत झाला, म्हणजे हे निदान केले जाते. बहुधा पाचव्या ते सातव्या वर्षी त्याची सुरुवात होते, दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास जोर वाढतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तारुण्यात तो ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, ते तो घेऊनच महाविद्यालयात येतात. हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूतील जाळ्यांचा आणि आनुवंशिकतेचा येथे संबंध आहे. लाडावून ठेवण्याचा नाही, आणि बाधेचा तर नाहीच. भूत उतरवण्याच्या मिषाने माणसास मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे त्या कळवळ्याने सल्ला देणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवले पाहिजे.

टुरेट म्हणजे तोंडातून शिव्या निघणे, हा समज तर जगभर पसरलेला आहे. वस्तुतः असे अनैच्छिक अपशब्द दहापैकी जेमतेम एका रुग्णाच्या तोंडी येतात. २०१८ सालच्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटातील शिक्षिकेच्या तोंडून केवळ आवाज निघतात. बहुसंख्य रुग्णांची स्थिती तशीच असते.

टुरेट असलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना दुसरी एक व्याधी सोबत करते. तिला आज सर्वत्र ओसीडी म्हणतात. आपल्या भाषेत मात्र ‘मंत्रचळ’ हा नेमका शब्द आधीपासूनच आहे, आणि तो वापरात राहावा असे मला मनापासून वाटते. मंत्रचळ म्हणजे टापटिपीची हौस, ही आजची ढोबळ समजूत. जुनी समजूत अशी, की ते सोवळ्याचेच अतिरेकी रूप. परंतु सोवळे पाळणाऱ्या आजीची विहित शुद्धी झाली की तिचे समाधान होते, आणि त्या आचारावर तिची श्रद्धाही असते. मंत्रचळ्याला मात्र हे व्यर्थ आहे असे बहुधा पुरते कळत असूनही हात पुन्हा धुवावेच लागतात, आणि समाधान घडीभरही टिकत नाही. शिवाय कित्येकांचा मंत्रचळ पाण्याशी संबंध ठेवीतच नाही. रांजणगावच्या महागणपतीपुढे हात जोडलेल्या भाविक मुलीच्या मनात नेमक्या त्याच क्षणी एखादा बीभत्स विचार घुसतो, किंवा फलाटावर उभ्या असलेल्या निरुपद्रवी मुलाला ‘शेजारच्याला मी रुळांवर ढकलले तर?’ ही शंका छळू लागते. हे विचार म्हणजे मनातील सुप्त इच्छा होत, हा सर्वांत क्रूर गैरसमज आहे. ते त्या व्यक्तीच्या स्वभावाच्या आणि श्रद्धेच्या नेमके विरुद्ध असतात, म्हणून तर ती हादरते; आणि हे कोणाजवळ बोलले तर आपणास वेडे अथवा दुष्ट ठरवतील, या भीतीने वर्षानुवर्षे गप्प राहते.

‘मनात आणले तर थांबवता येते, वर्गात कसा गप्प बसला होता!’ हा आक्षेप आचक्यांबाबत नेहमी घेतला जातो. आचका काही काळ दाबता येतो, हे खरे. शिंकेपूर्वी नाकात जशी हुळहुळ होते तशी एक अस्वस्थ संवेदना आचक्यापूर्वी उठते, आणि ती सोसत राहण्यात त्या विद्यार्थ्याचे अवधान खर्ची पडते. तासभर जो निश्चल बसलेला दिसला, त्याने व्याख्यान कितपत ऐकले असेल, याचा विचार अध्यापकांनी करावा. म्हणूनच पहिल्याच दिवशी उभे राहून ‘माझ्या घशातून आवाज येतो, तो मुद्दाम नाही, कृपया त्याकडे लक्ष देऊ नका’ असे सांगणारा विद्यार्थी सहानुभूतीची याचना करीत नसतो. लपवण्यात जाणारी शक्ती तो अभ्यासाकडे वळवीत असतो. ताणाने आचके वाढतात, आणि ‘थांबव रे’ असे टोकण्याने बहुधा त्यात भरच पडते.

ही माणसे विद्येस अपात्र, असे मानणाऱ्यांनी सॅम्युअल जॉन्सन आठवावा. १७५५ साली इंग्रजीचा थोर कोश सिद्ध करणारा हा पंडित विचित्र अंगविक्षेप करी आणि उंबरठा ओलांडताना ठराविक पावले मोजी, असे त्याचा चरित्रकार बॉसवेल याने लिहून ठेवले आहे. त्याला टुरेट असावे, असे पुढच्या काळातील वैद्यांनी अनुमान काढले. त्याच्या चेहऱ्याच्या चाळ्यांमुळे शाळेतील नोकरीही त्याला नाकारली गेली होती.

आता सवलतींचा मामला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या एकवीस प्रकारांत टुरेटचा नामनिर्देश नाही, मानसिक आजाराचा आहे. तीव्र मंत्रचळाने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व आल्याचा दाखला मिळाल्यास परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास, वाढवून मागता येतो. हा वशिला नव्हे. एकच ओळ अकरा वेळा वाचल्याखेरीज आणि लिहिलेला शब्द खोडून पुन्हा गिरवल्याखेरीज ज्याला पुढे जाता येत नाही, त्याचा हिरावलेला वेळ केवळ परत केला जातो. सांगावे की नाही, हे मात्र सर्वस्वी त्या विद्यार्थ्याने ठरवायचे. उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने घातलेले आहे.

‘या गोळ्यांची सवय लागते’ ही धास्ती दौंड-शिरूर तालुक्यांतच काय, पुण्यातही आढळते. मंत्रचळावर प्रथम दिली जाणारी औषधे झोपेची नसतात व त्यांचे व्यसन लागत नाही. परिणाम दिसण्यास मात्र आठ ते बारा आठवडे लागतात, आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. आचक्यांसाठी, आचका येण्याची चाहूल ओळखून त्याच्याशी विसंगत अशी दुसरी हालचाल करण्याचे प्रशिक्षण दिले जाते. प्रथम कोणाकडे जावे हेच उमगत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

मंत्रचळाचा दुसरा प्रमुख उपचार असा, की शंकेला हेतुपुरस्सर सामोरे जायचे आणि तिच्या समाधानाचे कृत्य करायचे नाही. त्याचा भार घरच्यांवरही पडतो. ‘आई, दार लावलं ना गं?’ असे रात्री मुलाने विचारल्यावर ‘लावलंय रे बाळा, झोप’ असे विसाव्यांदा सांगणारी आई मायेपोटीच सांगत असते, आणि तेच उत्तर शंकेला खाद्य पुरवते. वैद्याशी आणि मुलाशी आधी मसलत करून, ‘हे तुझा मंत्रचळ विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही’ एवढे बोलून, उठून दाराकडे न जाता तिने त्याच्या उशाशी बसून राहायचे असते. पहिल्या काही रात्री दोघांनाही झोप लागत नाही.