शेवटचं अक्षर निघेपर्यंत थांबा

भिवापूरसारख्या मिरचीच्या बाजारगावात इलेक्ट्रॉनिक काटा किंवा पावतीचा प्रिंटर संगणकाला जोडायचा, तर बऱ्याचदा सीरियल केबल लागते. या तारेतून ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. प्रोग्रामने २८८० अक्षरं लिहिली, की ती कर्नलच्या बफरमध्ये पडतात आणि ‘झालं’ असं उत्तर लगेच येतं. प्रत्यक्षात तीन सेकंदांचं काम बाकी असतं. तेवढ्यात प्रोग्रामने तारेचा वेग बदलला, तर उरलेला मजकूर पलीकडे कचरा होऊन उमटतो. म्हणूनच १९८८च्या पॉझिक्स प्रमाणाने सी लायब्ररीकडे चार कामं सोपवली: टीसीड्रेन सगळं निघेपर्यंत थांबतं, टीसीफ्लश साचलेलं टाकून देतं, टीसीफ्लो प्रवाह अडवतं-सोडतं, टीसीसेंडब्रेक सामान्यतः पाव ते अर्धा सेकंद तारेवर सलग शून्य धरतं.

लिनक्सवर यांतलं प्रत्येक फंक्शन म्हणजे कर्नलला केलेली एक आयओसीटीएल (उपकरण-नियंत्रण) विनंती. तरीही नवी सी लायब्ररी लिहिताना काहीच न करता शून्य, म्हणजे ‘यश’, परत करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण खोटं यश उघड त्रुटीपेक्षा घातक असतं. सोय नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. ‘थोडा वेळ स्लीप लावला की भागतं,’ हा आक्षेप टिकत नाही: वेग किंवा मजकुराची लांबी बदलली की तो अंदाज कोसळतो. टीसीड्रेनही पलीकडच्या यंत्राने मजकूर वाचल्याची हमी देत नाही, हे खरं. ती पोच प्रोग्रामनेच मागायची. लायब्ररीने मात्र आपल्या वाट्याचं काम चोख करायचं.