दडवलेले पुस्तक आणि दडवलेले दुखणे



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने मनाच्या आजारावर बोलावे आणि त्यात पुस्तकबंदीचा विषय काढावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण मला हे दोन्ही विषय एकाच वेळी भेटले. आमच्या युनियनचा एक सभासद रात्र-रात्र जागू लागला. आपल्या डब्यात कोणीतरी विष कालवते, असे तो म्हणे. घरच्यांनी आधी अंगारे-धुपारे केले, मग त्याला मागच्या खोलीत साखळीने बांधले आणि विचारणाऱ्याला ‘गावी गेलाय’ असे सांगितले. आम्हीही पुढे चौकशी केली नाही. त्याचा हात मोडला असता तर आम्ही नुकसानभरपाईसाठी मोर्चा काढला असता!

ती टोचणी लागली म्हणून मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाची हकीकत हाती आली. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी ते मुंबईहून चालवले. लाज आणि भीती यांनी मनात कुढणारी माणसे त्यांना आपल्या लैंगिक शंका लिहून कळवीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र चालूच राहिले. ज्या समलिंगी आकर्षणाविषयी तेव्हा बोलणेही गुन्हा ठरे, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली रोगांच्या यादीतून वगळले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. खटला लेखक-प्रकाशकावर होतो. जप्ती पुस्तकावरच येते. सावरकरांच्या 1857 वरील ग्रंथावर 1909 साली तो छापून होण्यापूर्वीच बंदी आली. तरी तो परदेशांत छापला गेला, चोरून हिंदुस्थानात आला, हातोहात फिरला आणि 1946 साली बंदी उठली. बंदीने कुतूहल वाढते, ते असे.

मनाच्या आजाराचे मात्र उलटे आहे. जप्त पुस्तकाला चोरून का होईना, वाचक मिळतो. दडवलेल्या रोग्याला डॉक्टर मिळत नाही.

मग हा आजार म्हणजे काय? आमच्या त्या सभासदाच्या आजारास स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतात. मेंदूच्या व्यवहारात बिघाड होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले वैरी दिसतात. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, ताण, व्यसन अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. करणी, पूर्वजन्मीचे पाप किंवा आईचे संस्कार यांचा त्यात काही संबंध नाही. 1952 साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध या कामी वापरले गेले आणि उपचाराचे नवे युग सुरू झाले. औषध लवकर सुरू झाले आणि मध्येच सोडले नाही, तर पुष्कळ रुग्ण कामावर परततात. आमचा तो सभासदही परतला. पण मधली तीन वर्षे साखळीत गेली, ती कोण भरून देणार?

कायदाही आता रुग्णाच्या बाजूचा आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे, सरकारी सेवेत उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि शरीराच्या व मनाच्या रुग्णांत भेदभाव करता येत नाही. 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा चालते. तेथे मराठीतही बोलता येते.

तेरखेड्यात फटाक्यांच्या दारूशी खेळणारे हात पुष्कळ आहेत. ठिणगी कोठे पडली हे लपवले तर काय होते, हे येथे कोणाला शिकवायला नको. दिसताच ओरडून सांगावे, हाच आपल्या धंद्याचा पहिला नियम. मनाच्या ठिणगीलाही तो लावावा. घरी कोणी झोपत नसेल, एकटा बडबडत असेल, जगणे नको म्हणत असेल, तर त्याला कोंडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका आणि त्याला डॉक्टरकडे न्या. शेजारी विचारतील तेव्हा ‘गावी गेलाय’ असे न सांगता ‘आजारी आहे, औषध चालू आहे’ एवढे सांगा.