शेजारच्या दीर्घिकेचे छायाचित्र टिपताना

दुसऱ्या दीर्घिकेचे छायाचित्र घ्यायचे तर वेधशाळाच हवी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका म्हणजेच एम ३१, डिजिटल कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स आणि तिपाई एवढ्या साहित्यावरही टिपता येते. या सर्पिल दीर्घिकेचा आकाशातील विस्तार सुमारे तीन अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट आहे. अडचण आकाराची नाही, तिच्या मंद प्रकाशाची आहे.

शटर अधिक वेळ उघडे ठेवणे हा सरळ उपाय. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे या लेन्समधून दोन-तीन सेकंदांतच ताऱ्यांच्या रेषा उमटू लागतात. त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला, अक्ष ध्रुवताऱ्यालगतच्या खगोलीय ध्रुवाकडे रोखून ताऱ्यांच्या गतीने फिरणारे मोटारचे माउंट वापरणे. दुसरा, अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकमेकांवर रचणे, म्हणजेच 'स्टॅकिंग'. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक छायाचित्रात कायम असतो. कॅमेऱ्याने निर्माण केलेले ठिपके मात्र दर वेळी बदलतात. त्यामुळे शंभर छायाचित्रे रचल्यास दीर्घिका त्या ठिपक्यांच्या तुलनेत दहापट स्पष्ट होते. 'डीप स्काय स्टॅकर'सारखी सॉफ्टवेअर त्यासाठी विनामूल्य मिळतात.

हौशी निरीक्षकांचे हे काम केवळ छंदापुरते राहिलेले नाही. या दीर्घिकेचा सर्पिलाकार १८८८ मध्ये छायाचित्रातून दाखवला तो आयझॅक रॉबर्ट्स या ब्रिटिश हौशी खगोलप्रेमीने. ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, हे एडविन हबल यांनी त्यानंतर सिद्ध केले; त्याचा आधार असलेला तारा त्यांना १९२३ मध्ये सापडला होता. फ्रान्स व जर्मनीतील हौशी छायाचित्रकारांनी शंभराहून अधिक तासांचा प्रकाश एकत्र करून या दीर्घिकेशेजारी दिसणारा ऑक्सिजन वायूचा विशाल कमानदार पट्टा शोधला आणि २०२३ मध्ये तो जाहीर केला. शतकाहून अधिक काळ असंख्य वेळा टिपलेल्या या भागात तोवर तो कुणालाही आढळला नव्हता.

महाराष्ट्रातून कार्तिक अमावास्येच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास देवयानी उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंचीवर असते. शर्मिष्ठा आणि भाद्रपदांचा चौकोन यांच्या दरम्यान ती शोधावी. मात्र मुंबई-पुण्यातील गच्चीवरून प्रामुख्याने तिचा तेजस्वी गाभाच हाती लागतो. तिच्या भुजांचा प्रकाश शहरी दिव्यांच्या उजेडापेक्षा कितीतरी मंद असल्याने तो त्यात बुडून जातो. पंचवीस लाख वर्षे निर्वेध प्रवास केलेल्या प्रकाशाची वाट अखेरच्या काही किलोमीटरमध्ये अडते, ती आपल्याच दिव्यांमुळे.