घोड्यांच्या वाटेवरून सायकलीचा प्रवास

सायकलीवर बसणारास जमिनीचा चढउतार जितका कळतो तितका पायीं चालणारासही कळत नाहीं. मोटारींतील मनुष्यास जो रस्ता सपाट वाटतो, त्याच रस्त्याचा चढ सायकलस्वाराच्या पोटऱ्या तत्काळ ओळखतात. म्हणून ज्यास सायकलीनें लांबचा प्रवास करावयाचा आहे त्यानें सपाट वाट शोधावी. आणि सर्वांत सपाट वाट कोणती असें कोणीं विचारल्यास, कालव्याच्या कांठची, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. पाणी उतारावर स्थिर राहत नाहीं, एवढें एकच त्याचें कारण. ज्यानें पाणी सपाट ठेविलें त्यास कांठची वाटही सपाट करावी लागली.

अशी एक वाट फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत आहे. तुलूझ नगरापासून भूमध्य समुद्राकांठच्या सेत बंदराजवळील खाडीपर्यंत २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा वाहतो. त्यास कानाल द्यु मिदी, म्हणजे दक्षिणेचा कालवा, म्हणतात. दर वर्षीं पुष्कळ हौशी मंडळी सायकलीस पिशव्या बांधून या कांठानें प्रवास करितात, व पांचसहा दिवसांत समुद्र गांठतात. परंतु ही वाट हौशी लोकांकरितां बांधलेली नव्हे. ती घोड्यांची वाट आहे. नावेस दोर बांधून घोडे कांठानें चालत, आणि गव्हाचीं पोतीं व द्राक्षासवाचीं पिंपें अशा रीतीनें गांवोगांव जात. १८५७ सालीं बोर्दोहून सेतकडे जाणारी आगगाडी सुरू झाली व तिनें कालव्याचा व्यापार हळूहळू ओढून नेला. विसावें शतक संपण्यापूर्वीं मालाच्या नावा अजीबात बंद पडल्या. घोडे गेले, वाट राहिली.

हा कालवा पिएर-पॉल रिके नांवाच्या गृहस्थानें बांधिला. हा कोणी शिकलेला स्थापत्यविशारद नव्हता; मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता त्याजकडे होता. अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र यांच्या मधोमध एक उंचवटा आहे, त्यास नोरूझ म्हणतात. तेथून एकीकडचें पाणी एका समुद्रास जातें व दुसरीकडचें दुसऱ्यास. दोन्ही समुद्र जोडावयाचे तर नावा या माथ्यावर चढविल्या पाहिजेत, आणि माथ्यावर तर पाणी नाहीं! हीच खरी अडचण होती, व पूर्वींच्या सर्व योजना येथेंच अडल्या होत्या. रिकेनें उत्तरेकडील काळ्या डोंगरांतील ओढे अडविले, सँ-फेरेओल येथें मोठें धरण घातलें, आणि तें पाणी पाटांनीं नोरूझपर्यंत आणिलें. तेथून तें दोन्ही बाजूंस सोडलें म्हणजे कालवा सदा भरलेला राहतो. चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, १६६६ सालीं, या कामास राजाज्ञा मिळाली. हजारों मजूर खपले. त्यांत स्त्रियाही होत्या. रिकेनें स्वतःचें धन घातलें, कर्ज काढलें, आणि १६८० सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं कालवा खुला झाला. तो सोहळा पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.

नावा चढतात कशा, हें मुलांनीं नीट समजून घ्यावें. कालव्यांत ठिकठिकाणीं दोन्ही टोकांस भक्कम दरवाजे असलेले हौद आहेत. फ्रेंच भाषेंत त्यास एक्लूझ म्हणतात. खालची नाव हौदांत आली कीं मागचा दरवाजा लावितात व वरचें पाणी आंत सोडतात. हौद भरतो, नाव त्यासरशी वर उचलली जाते, मग पुढचा दरवाजा उघडतात. उतरावयाचें असल्यास हेंच उलट. रिकेच्या हौदांच्या भिंती सरळ नसून अंडाकृति आहेत. कमानीप्रमाणें त्या बाहेरच्या मातीचा दाब सोसतात. बेझिए नगराजवळ फोंसेरान येथें असे आठ हौद पायऱ्यांसारखे एकाखालीं एक बांधिले आहेत. सायकलस्वारास चढ लागतो तो बहुधा या हौदांपाशींच, एक लहानसा उंचवटा, आणि पुन्हां सपाटी. तुलूझहून नोरूझपर्यंत सुमारें पन्नास किलोमीटरांत साठ मीटरांहूनही कमी चढ आहे. प्रत्येक हौदाजवळ रखवालदाराचें घर असून त्यावर पुढचा व मागचा हौद किती मीटरांवर आहे हें पाटीवर लिहिलेलें असतें, त्यामुळें मैलाच्या दगडांची गरज भासत नाहीं.

वाटेचा दर्जा मात्र सर्वत्र सारखा नाहीं. तुलूझपासून माथ्यापर्यंत ती पक्की बांधलेली आहे. पुढें खडी, माती आणि झाडांचीं मुळें लागतात, व तेथें बारीक टायर कामास येत नाहीं. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. या खोऱ्यांत आग्नेयेकडून ओतां व वायव्येकडून सेर्स असे दोन जोरकस वारे वाहतात. सेर्स पाठीशीं असला तर समुद्राकडे जाणें म्हणजे खेळ. ओतां समोर आला तर सपाट वाटही घाटासारखी होते.

बेझिएच्या अलीकडे ५४ किलोमीटरांच्या टप्प्यांत एकही हौद नाहीं. पाण्याची पातळी न मोडतां इतकें अंतर काटावयाचें, म्हणून कालवा टेकड्यांच्या पोटाशीं वळसे घेत जातो. मालपास येथें टेकडी टाळतां आली नाहीं म्हणून रिकेनें ती पोंखरली. त्याच टेकडीच्या पोटांत आगगाडीचा बोगदा आहे, आणि त्याहून खालीं मोंतादीचें तळें कोरडें करण्याकरितां तेराव्या शतकांत खणलेला बोगदा आहे. त्या तळ्याच्या जागीं आज शेतें आहेत. वरून पाहिलें असतां सर्व बांध मध्यबिंदूस मिळालेले, हुबेहूब सायकलीच्या चाकाच्या तारांसारखे, दिसतात.

याच टप्प्यांत दुतर्फा द्राक्षमळे आहेत. येथें आमच्या नाशिककडच्यासारखे मांडव नसतात. वेली कमरेएवढ्या ठेंगण्या, कांहीं ठिकाणीं तारेवर ओढलेल्या, तर जुन्या मळ्यांत झुडपांसारख्या सुट्या उभ्या असतात. त्यांपासून होणाऱ्या मद्याची वाखाणणी शाळेच्या पानांत करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं; परंतु त्या वेलींची कथा सांगण्याजोगी आहे. १८६० नंतर या प्रांतांत वेली अकस्मात् वाळूं लागल्या. १८६८ सालीं मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुळांवर एक सूक्ष्म किडा पाहिला. आमच्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या माव्याचाच तो दूरचा नातलग, आणि अमेरिकेंतून वेलींबरोबर आलेला. त्यास फायलोक्सेरा म्हणतात. जेथें पाणी हातीं होतें तेथें लोक हिवाळ्यांत मळे कित्येक आठवडे पाण्याखालीं बुडवून किडा मारीत. कालव्याचें पाणी तेव्हां त्याही कामीं आलें. खरा उपाय निघाला तो मात्र किड्याच्याच मायदेशांतून. अमेरिकन वेलींच्या मुळांस त्याची संवय होती, म्हणून त्या खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम बांधण्यांत आलें. महाराष्ट्रांतील द्राक्ष-बागायतदारही आज डॉगरिज नांवाच्या अमेरिकन खुंटावर कलम करितात. येथें कारण किड्याचें नसून खारट जमिनीचें व पाण्याच्या टंचाईचें आहे.

मळे वांचले, पण शेतकरी सुखी झाला असें नाहीं. पीक वाढलें, पाणी व साखर घालून केलेला खोटा माल बाजारांत आला, आणि भाव कोसळले. १९०७ सालीं कालव्याकांठच्या आर्झलिए गांवच्या मार्सलँ आल्बेर यानें चळवळ उभारली व मोंपेलिए येथें लाखों लोक जमले. नार्बोन येथें सैन्यानें गोळ्या झाडल्या व माणसें मेलीं. त्यानंतर भेसळीविरुद्ध कायदा झाला. आज त्या शांत मळ्यांतून जाणारास हें सांगितल्याशिवाय कळणार नाहीं.

सांप्रत संकट आहे तें झाडांवर. कालव्याच्या कांठीं सुमारें ४२,००० प्लेन वृक्ष होते. हा वृक्ष म्हणजे काश्मीरच्या चिनाराचा संकरज वंशज होय. त्यांतील बहुतेक एकोणिसाव्या शतकांत लाविलेले. त्यांचीं मुळें कांठ धरून ठेवीत व छायेमुळें घोडे, माणसें आणि पाणी या तिघांचेंही रक्षण होई. २००६ सालीं त्यांवर एक बुरशी आढळली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लांकडी पेट्यांतून ती युरोपांत आली असें मानितात. तिजवर औषध नाहीं. झाड कांहीं वर्षांत मरतें, आणि शेजारची झाडें वांचावीं म्हणून तें तोडून जाळावें लागतें. निम्म्याहून अधिक झाडें अशीं गेलीं. दोन पुरुष उंचीचीं नवीं झाडें आतां त्यांच्या जागीं उभीं राहत आहेत, त्यांत ओकाची एक जात मुख्य आहे. आणि बुरशीस दाद न देणारा एक प्लेन वृक्षही सिद्ध झाला आहे. त्याच्या अंगीं हा गुण आला तो अमेरिकन प्लेनाशीं संकर केल्यामुळें. वेलींचीच कथा झाडांनीं पुन्हां घडविली म्हणावयाची.

छाया पूर्ववत् होण्यास बराच काळ लागेल. तोंपर्यंत जेथें झाडें तोडलीं आहेत त्या टप्प्यांत उन्हाळ्यांत जाणारानें पहांटे निघावें, डोक्यास टोपी घालावी, आणि पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्याव्या.