पत्र्याला फुटणारा घाम

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीच्या पुढे गेलं, की गळीत हंगामात मोकळ्या रानात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या दिसू लागतात. बीडकडून ट्रॉलीत लादून आलेला संसार अर्ध्या दिवसात उभा राहतो. बांबू वाकवायचे, त्यावर तट्ट्या टाकायच्या, वर पाचट किंवा ताडपत्री, की झालं घर. पाच-सहा महिने माणसांनी असं राहणं लाजिरवाणं आहे, याबद्दल दुमत नाही. त्यावर हटकून सुचवला जाणारा उपाय म्हणजे पत्र्याच्या खोल्या किंवा उचलून ठेवता येणारे कंटेनर. आपल्या शिवाजी उद्यमनगरात असं काम सहज होईल. पण आतून अस्तर नसलेला पत्र्याचा डबा थंडीच्या रात्री शाकारलेल्या कोपीपेक्षा वाईट ठरतो, आणि त्याचं कारण थंडीपेक्षा पाण्यात जास्त आहे.

झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, आठ तास: सव्वा लिटर. शिवाय ओले कपडे, आदल्या संध्याकाळचं शिजवणं. निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा आभाळाकडे उष्णता टाकत राहतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार पडतो. मग या सव्वा लिटरातलं पाणी त्याच्या खालच्या अंगाला थेंबाथेंबांनी जमतं आणि पहाटे गोधडीवर गळतं. नुसत्या ताडपत्रीच्या कोपीतही हेच होतं. ओल्या गोधडीला धुराचा आंबूस वास धरतो तो त्यामुळे. पाचटाचा चांगला जाड थर असेल तर गोष्ट वेगळी. पात्यांच्या मधे हवा अडकून राहते आणि अडकलेल्या हवेसारखं ऊब धरणारं स्वस्त दुसरं काही नाही. आतली बाजू फार गार पडत नाही, फटींतून ओल बाहेर निघून जाते. पेठेतल्या जुन्या कौलारू घरांत पहाटे छत गळत नाही आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गळतं, त्याचंही गणित हेच.

पत्र्याला नुसतं अस्तर लावूनही भागत नाही. अमेरिका-कॅनडात काही माणसं मालवाहू ट्रेलरचं घर करून उणे वीस अंशांत बारमाही राहतात. तिथेही फोमचे तक्ते भिंतीत बसवून काम संपत नाही. लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त सहज जाते, त्यामुळे सांगाड्याची कुठलीही कडी उघडी राहिली की तिच्यावर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा, आतून बर्फ धरतो. म्हणून अस्तर सांगाड्यावरून सलग जावं लागतं, सांधे टेपने बंद करावे लागतात आणि दमट हवेला मुद्दाम ठेवलेली वाट लागते. पैसा असलेला माणूसही झरोका विसरला तर भिंतीआड बुरशी पोसतो.

कोल्हापुरात एवढी थंडी कुठे, असं कुणी म्हणेल. जानेवारीत किमान तापमान सरासरी 14-15 अंशांच्या आसपास असतं, हे खरं. पण पाणी पाजलेल्या उसाच्या रानातली ओली हवा, आणि पहाटे कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईची गोधडीत मागे राहिलेली पोरं, हे त्या सरासरीत दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पाचट पेटतं, त्यात साप-विंचू शिरतात, अवकाळीत ते टिकत नाही. अगदी मान्य. कोपीचं गुणगान करण्यात मला रस नाही; गरिबाच्या झोपडीला पर्यावरणपूरक म्हणणारी माणसं त्यात राहायला जात नाहीत. पण आग टाळायला पत्रा आणून त्याला उघडं थर्मोकोल चिकटवलं तर तेही पेटतं, आणि त्याचा धूर विषारी असतो. घट्ट बंद खोलीत रात्री शेगडी ठेवली तर माणसं झोपेतच जातात. तेव्हा रॉकवूल घालावं, त्यावर सिमेंट शीट ठोकावी आणि चूल बाहेरच्या आडोशाला न्यावी.

खर्च वाढेल, हे उघड आहे. पण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घ्यायचं सरकारनंच ठरवलं आहे. यापुढे कुठल्याही कारखान्याने वा महामंडळाने अशा खोल्यांची निविदा काढली, तर तिच्यात पत्र्याच्या जाडीबरोबर अस्तराची जाडी आणि वर-खाली झरोक्यांचं मापही लिहावं, आणि ताबा घेण्याआधी डिसेंबरातल्या एका पहाटे छताला आतून हात लावून पाहावा.