सुनेला पीएच.डी. करायची आहे



मागच्या महिन्यात सावर्ड्यातल्या आमच्या गटाची बैठक आटोपली. हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. उठता उठता एक काकी म्हणाल्या, "आमची सून पीएच.डी. करते म्हणते. एम.ए. झालीये, पोरगं चार वर्षांचं आहे. आता आणखी काय शिकायचं? डॉक्टर होऊन ती सुई थोडीच टोचणार आहे?" सगळ्या हसल्या. सून दारातच उभी होती, ती हसली नाही. मला ते लागून राहिलं. मग दोन दिवस मी तिच्याबरोबर बसले आणि या अर्जाची सगळी माहिती काढली. ती आज तुम्हाला सांगते.

पीएच.डी. म्हणजे एका प्रश्नाचा पुरता छडा लावायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या सामाजिक शास्त्रांत तो प्रश्न माणसांमध्येच असतो. पुरुष मुंबईला, शेत बाईच्या माथी, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, असं का? हा आपल्या घराघरातला प्रश्न संशोधनाचाही आहे. आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. 1927 मध्ये मिळाली ती अर्थशास्त्रातली.

आता अर्ज कोणाला करता येतो? एम.ए.ला 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना 5 टक्के सूट आहे. चार वर्षांची नवी पदवी 75 टक्क्यांनी पूर्ण केली असेल तर एम.ए.शिवायही चालतं. माझ्यासारख्या तीन वर्षांच्या बी.ए.ला आधी एम.ए. करावं लागेल. वयाची अट या प्रवेशाला नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

पहिली पायरी परीक्षेची. नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन पेपर मिळून 150 प्रश्न, तीन तास वेळ, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. 2024 पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, ते वर्षभर चालतात. त्या वाटेने गेलं तर परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 असं वजन असतं. काही विद्यापीठं स्वतःची परीक्षाही घेतात. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला 'पेट' म्हणतात. ज्या विद्यापीठात जायचं, त्याची त्या वर्षीची जाहिरात आधी वाचायची.

दुसरी पायरी मार्गदर्शकाची. एका प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे. म्हणून परीक्षा पास झाली तरी जागा रिकामी असावी लागते. आपल्या विषयाचं कोण शिकवतं, जागा आहे का, प्रबंध मराठीत लिहिता येईल का, हे विभागात जाऊन किंवा फोन करून अर्जाआधीच विचारा. विचारायला लाजू नका.

तिसरी पायरी संशोधन आराखड्याची. सगळ्यांची गाडी इथेच अडते. पण मैत्रिणींनो, बँकेत गटाचा कर्जाचा प्रस्ताव आपण देतोच ना? कशासाठी हवं, धंद्याची माहिती किती, काम कसं करणार, किती दिवसांत फेडणार, एवढंच साहेब विचारतात. आराखडाही तसाच. माझा प्रश्न काय, यावर आधी कोणी काय लिहिलंय, मी कुठे जाऊन कोणाला काय विचारणार, आणि कोणत्या वर्षी काय करणार.

काकींच्या सुनेने पहिल्यांदा विषय लिहिला 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण'. मी म्हटलं, "बँकेत जाऊन 'आम्हाला धंदा करायचाय' एवढंच सांगितलं तर कर्ज मिळेल का?" मग तिने नेमकं लिहिलं: बचत गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण ते कशावर खर्च करायचं हे घरात कोण ठरवतं? आमच्या चिपळूण तालुक्यातल्या काही गटांत जाऊन ती हे विचारणार आहे. आधीचे प्रबंध पाहायला 'शोधगंगा' नावाचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. दुसऱ्याचा प्रबंध वाचायचा, उतरवायचा नाही. चोरी पकडली जाते आणि पदवी जाते.

आता पैशाचं. नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर जेआरएफ मिळते, सध्या पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. तिला मात्र 30 वर्षांची वयोमर्यादा आहे, बायकांना 5 वर्षांची सवलत. त्याशिवाय राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. जागा मोजक्या असतात, म्हणून जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रं आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तहसीलच्या खेपा नकोत.

आणि वेळ? कमीत कमी 3 वर्षं, साधारण 6 पर्यंत. मुदतवाढ धरून 8, आणि बायकांना आणखी 2 वर्षांची सूट, म्हणजे जास्तीत जास्त 10. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवस रजा मिळू शकते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. एक सावधगिरी बाळगा. पीएच.डी. दूरशिक्षणाने किंवा पूर्ण ऑनलाइन करायला परवानगी नाही. 'घरबसल्या पदवी', 'प्रबंध लिहून देतो' असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका.

हे नियम झाले. खरी परवानगी घरातून लागते. महर्षी कर्वे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले. बायकांसाठी त्यांनी 1916 मध्ये विद्यापीठ काढलं. पण त्यांची सून इरावतीबाई 1928 मध्ये संशोधनासाठी जर्मनीला निघाल्या, तेव्हा त्यांनाही ते पसंत नव्हतं असं सांगतात. नवरा पाठीशी उभा राहिला. इरावतीबाई बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि देशातल्या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ झाल्या. एवढ्या मोठ्या माणसाचं मन डगमगलं, तर आपल्या काकींचं डगमगलं यात नवल काय?

मी काकींना एकच आठवण करून दिली. काही वर्षांपूर्वी शहरातून दोघंजण फॉर्म घेऊन आपल्या वाडीत आले होते. किती कमावता, किती कर्ज, नवरा दारू पितो का, सगळं विचारलं. आपण चहा दिला, खरं खरं सांगितलं. पुढे त्याचं काय झालं, कोणी सांगायला आलं नाही. उद्या तेच प्रश्न आपली सून विचारेल. ती कुठे जाणार आहे? ती इथेच राहणार, आणि काय लिहिलं ते याच बैठकीत तिला सांगावं लागेल.

काकी काही बोलल्या नाहीत. पण परवाच्या बैठकीला नातवाला कडेवर घेऊन आल्या. म्हणाल्या, "ती अभ्यासाला बसलीये."

तुमच्या गटात एम.ए. झालेली कोणी मुलगी, सून असेल तर तिला हे वाचून दाखवा. आणि पुढच्या बैठकीत पाच मिनिटं तिला विचारा, तुझा प्रश्न काय?