मंगलाजोडीचे नावाडी

चिलिका म्हटलं की खारं पाणी आठवतं. पण सरोवराच्या उत्तर काठाला दया आणि भार्गवी या महानदीच्या शाखा गोडं पाणी आणून ओततात, समुद्राचं मुखही तिथून लांब पडतं. म्हणून ओडिशातल्या मंगलाजोडी गावाबाहेरची दलदल जवळजवळ गोड्या पाण्याची आहे. जिकडे पाहावं तिकडे पाणकणीस आणि नळ माजलेले, त्यांतून होडी जाईल एवढ्याच वाटा.

पक्षी दाखवणाऱ्या होडीला इथे इंजिन नसतं. सपाट बुडाची लाकडी होडी, पुढे दुर्बीण घेतलेला वाटाड्या, मागे बांबू घेऊन उभा नावाडी. पाणी जेमतेम गुडघाभर. बांबू चिखलात रोवायचा, अंगाचा भार टाकायचा, होडी सरकते. खरं कसब बांबू उपसण्यात आहे. चिखल तो सहजी सोडत नाही, ओढला की आवाज होतो. आमचा नावाडी आधी मनगटानं बांबू हलकेच फिरवायचा आणि मगच वर घ्यायचा, तोही होडीच्या कडेला टेकवून, पाणी टपटपू नये म्हणून.

समोर काळ्या शेपटीचे मालगुजे चरत होते. मध्य आशिया आणि सैबेरियाकडून आलेले हे पाहुणे. लांब सरळ चोच, मुळाशी गुलाबी, टोकाला काळपट. ती डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसून किडे शोधण्यात गढलेले. एकानं चोच बाहेर काढली, मान ताठ केली. त्याच क्षणी मागे बांबू उभा रोवला गेला आणि होडी जागच्या जागी थांबली. ‘अजून नाही,’ नावाडी हळूच म्हणाला. पक्ष्याची चोच पुन्हा खाली गेल्यावरच आम्ही वीतभर पुढे सरकलो. शेवटी दुर्बीण लावायची गरजच उरली नाही.

पक्ष्याची मान वाचण्याची ही नजर इथे शिकारीतून आली आहे. एके काळी विष घालून, जाळी लावून पाखरं मारणं हा या गावातल्या अनेकांचा पोटाचा धंदा होता. ‘वाइल्ड ओरिसा’ संस्थेच्या पुढाकारानं 2000 च्या सुमारास ‘महावीर पक्षी सुरक्षा समिती’ उभी राहिली आणि तेच शिकारी राखणदार, वाटाडे झाले. चिलिका 1981 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पण कागदावरच्या संरक्षणाला इथे हातपाय मिळाले ते या माणसांमुळे, असं मला ठामपणे वाटतं. त्यांना कुणी पक्षिशास्त्र शिकवायला नको होतं. पाखरू केव्हा बिचकतं, कुठे उतरतं, कुठे अंडी घालतं, सगळं ठाऊक होतं. उणीव होती ती दुसऱ्या मिळकतीची.

आपल्याकडे, महाराष्ट्रातल्या भिगवणला, फोटोसाठी रोहित उडवा, असा नावाड्याकडे हट्ट धरणारे पर्यटक मी पाहिले आहेत. चांगला फोटो चरणाऱ्या पक्ष्याचाच मिळतो आणि तो मिळण्यासाठी नावाड्याच्या मर्जीनं थांबावं लागतं. एकेक होडी, एकेक नावाडी, भरपूर वेळ, हा नियम आपल्याकडेही यायला हवा.

मार्चनंतर पाहुणे परततात आणि पर्यटकही आटतात. जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी मात्र इथेच राहतात, पावसाळ्यात दलदलीतल्या वनस्पतींवर घरटी करतात. त्यांच्या अंड्यांचीही पूर्वी चोरी व्हायची. त्यामुळे एकही तिकीट फाटत नसताना, भर पावसातही राखणीच्या होड्या निघाव्या लागतात. मदतीची खरी निकड असते ती याच महिन्यांत.